सोमवारचा साक्षीदार

मेढ्याची गाडी लागली, भरली आणि सुटली. मग वडूजची लागली. एसटी स्टँडच्या उपाहारगृहाबाहेरच्या बाकावर मी चहाचा कप हातात धरून बसले होते आणि चहावर जाड साय आली होती. अकराला सुरू झालेला पेपर दोनला सुटणार होता. समोरच्या मोठ्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पेपर सुटेपर्यंतचा वेळ मला इथेच काढायचा होता, म्हणजे घरी वेळेवर पोचता आलं असतं.

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाचा तो पहिला पेपर, दिवाणी प्रक्रिया संहितेचा. प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा तिच्यातला शब्द न् शब्द ओळखीचा होता. लग्नात दूरचे नातेवाईक भेटतात तसं झालं. चेहरा ओळखीचा, नाव काही केल्या आठवत नाही. मी आसनक्रमांक लिहिला, समास आखला, पहिल्या प्रश्नाचा आकडा घातला. त्यानंतर पेनातून काही उतरेना. अर्ध्या तासाच्या आत कुणाला वर्गाबाहेर सोडत नाहीत, म्हणून तेवढा वेळ बसले. मग उठून उत्तरपत्रिका दिली. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही." खोटं नव्हतं ते.

बुधवारी पुराव्याच्या कायद्याचा पेपर होता. त्याला जायचं नाही, वकिली आपल्याच्यानं व्हायची नाही, हे त्या बाकावर बसून मी ठरवून टाकलं. अण्णांना सांगायचं कसं एवढंच उरलं होतं. ते मी बुधवारवर ढकललं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. मॅट्रिकनंतर शॉर्टहँड शिकले आणि सव्वीस वर्षं न्यायाधीशांच्या मंचाखालच्या खुर्चीत बसून लोकांच्या साक्षी टंकत आले. कायदा ते शिकले नव्हते, पण कलमं त्यांना बोटांनी पाठ होती. मी लॉ कॉलेजात नाव घातलं तेव्हा त्यांनी पेढेबिढे वाटले नाहीत. घरच्या जुन्या टंकयंत्राला तेल दिलं फक्त.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी अभ्यासाला दोघी असायच्या, मी आणि नसरीन मुलाणी. परीक्षा जवळ आली की प्रत्येकाला कसला ना कसला ताप चढतो. नसरीन कलमांची नाती लावायची. "कलम बत्तीस म्हणजे आमच्या थोरल्या फुफी, आत्या," ती म्हणायची. "कायदा म्हणतो, मरणारा माणूस खोटं बोलत नाही. फुफी मरतानाही खोटं बोलतील. म्हणून बत्तीस म्हटलं की त्याच आठवतात, विसरायची सोय नाही." तिच्या घराण्यातली तीस-पस्तीस माणसं तिनं अशी पुराव्याच्या कायद्यात बसवली होती. मी वेळापत्रकं करायची. लाल, हिरव्या, निळ्या शाईनं आखलेली. एप्रिलपर्यंत आठ झाली होती आणि प्रत्येक उद्यापासून सुरू होत होतं.

"तुझं टाइमटेबल म्हणजे कोर्टातली तारीख आहे," नसरीन म्हणायची. "काम काही होत नाही. पुढची मिळते."

अण्णांची तऱ्हा आणखी निराळी. संध्याकाळी साडेसहाला कोर्टातून आले, पाय धुतले, चहा झाला की ते टंकयंत्र स्टुलावर ठेवायचे आणि हाक द्यायचे, "साक्षीदार हजर?" मग आमच्यातल्या एकीनं माजघराच्या दारात उभं राहायचं, चौकटीला हात लावायचा आणि एक विषय सांगायचा. अण्णा तो जसाच्या तसा टंकायचे. संपला की कागद ओढून वाचून दाखवायचे.

"'कबुलीजबाब म्हणजे, अं, म्हणजे असं की, आरोपीनं पोलिसांसमोर वगैरे, काय ते.' असं साक्षीदार म्हणतो. टंकलेखकाला 'काय ते'चा अर्थ लागला नाही."

"अण्णा, ते 'काय ते' कशाला टंकायचं?"

"मी माझं अक्षर घालत नाही आणि साक्षीदाराचं गाळत नाही. पुन्हा सांगा."

नसरीन हसून जमिनीवर बसायची. पण दुसऱ्या खेपेला कागदावर 'काय ते' नसायचं.

तर त्या सोमवारी मी अडीचला घरी आले. आईनं विचारलं, "कसा गेला गं?" मी म्हटलं, "बरा गेला." आमटीभात वाढून घेतला आणि निम्मा परत ठेवला. साडेसहाला नसरीन आली. आडनावामुळे तिचा वर्ग वेगळा असायचा, म्हणून मी उठून गेलेलं तिला ठाऊक नव्हतं. पाठोपाठ अण्णाही आले आणि बशीत चहा ओतून बसले.

"चौथ्यात तू काय लिहिलंस?" नसरीननं चपला काढता काढताच विचारलं. "रिसिव्हर की कमिशन?"

"कमिशन," मी म्हटलं.

"अगं, दोन्ही लिहायचं होतं!"

"दोन्हीच लिहिलं. कमिशन जरा जास्त झालं."

"आणि पाचवा? तो नोटिशीचा?"

"तो... लिहिला की."

"पाचवा अपिलाचा होता, उजू. नोटिशीचं मी मुद्दाम म्हटलं."

मी काहीतरी म्हणणार तेवढ्यात अण्णांनी बशी खाली ठेवली. "मुलाणी वकील, झालेल्या पेपरची चिरफाड या घरात होत नाही. पोस्टमॉर्टेम करायचं तर सिव्हिल हॉस्पिटलात."

"बरं, काका. मग साक्ष घ्या आमची."

"आज कोर्टाला सुट्टी. रिबन बदलायची आहे मशीनची."

ते खरोखरच रिबन बदलत बसले. बोटं काळी झाली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वाचले, असं मला वाटलं.

मंगळवारी नसरीन तिच्या घरीच वाचणार होती. मी दिवसभर पुस्तक उघडं ठेवून बसले आणि पान उलटलं नाही. संध्याकाळी अण्णा आले. पाय धुतले, चहा झाला. टंकयंत्र मात्र त्यांनी काढलं नाही. स्वतःच उठून दाराच्या चौकटीशी जाऊन उभे राहिले.

"उद्या पुराव्याचा पेपर. आज तू वकील, मी साक्षीदार."

"नको, अण्णा. डोकं दुखतंय."

"मग मी काय करू? मी शपथ घेऊन उभा आहे."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "उभ्याउभ्या गवार तरी निवडा. साक्षीदाराचे हात रिकामेच आहेत." आणि तिनं खरंच ताट आणून त्यांच्या हातात दिलं. अण्णा उंबऱ्यावर बसले. एक शेंग घेतली, शिरा काढली, मोडली.

"विचार."

मी सुस्कारा सोडला. "नाव?"

"नारायण गोविंद शेलार. वय बावन्न. धंदा नोकरी. हे सगळं माझ्या वकिलानं विचारून झालंय असं समज. माझ्या बाजूचा सरतपास संपला. त्यात मी शपथेवर सांगितलंय की सोमवारी दिवसभर मी कोर्टात, माझ्या खुर्चीवर कामावर होतो. तू विरुद्ध पक्षाची. उलटतपास घे आणि हे खोटं पाड."

"ते खरंच आहे तर मी खोटं कसं पाडू?"

"ते वकिलानं ठरवायचं नसतं. विचार."

मी भिंतीला टेकले. "सोमवारी तुम्ही कोर्टात किती वाजता आलात?"

"साडेदहा."

"नंतर दिवसभर खुर्चीवरून उठला नाहीत?"

"उठलो."

"का?"

"चूक. उलटतपासात 'का' विचारायचं नाही. 'का' म्हटलं की साक्षीदाराला मोकळं रान मिळतं. फक्त हो किंवा नाही येईल असं विचारायचं. आणि ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही ते विचारायचंच नाही. सव्वीस वर्षांत चांगल्या चांगल्या वकिलांना यात पडलेलं पाहिलंय मी."

"बरं. तुम्ही कोर्टाच्या बाहेर गेला होता?"

"हो."

"चहाला?"

"नाही."

"मग कुठे?"

"एसटी स्टँडवर. पुण्याच्या गाडीनं रिबन यायची होती. पावणेबाराला गेलो. युक्तिवाद चालू होते, अर्धा तास काम नव्हतं."

त्यांनी एक शेंग मोडली. मला तो आवाज मोठा वाटला. आत आई कुकरचं झाकण शोधत होती.

"पुढे?" अण्णा म्हणाले.

"रिबन मिळाली?"

"मिळाली. बारा वाजता."

"म्हणजे सव्वाबाराला तुम्ही खुर्चीवर परत होता."

"नाही."

ते ताटातल्या शेंगांकडे पाहत होते. घाई त्यांना कसलीच नव्हती. कोर्टात साक्षीदार अडला आणि सारी माणसं घड्याळं बघू लागली, की अण्णा असेच बोटं कळांवर ठेवून बसत, असं लोक सांगायचे.

"वकिलाला उत्तर माहीत नसेल तर विचारू नये," ते म्हणाले. "उलटतपास संपला म्हणावं आणि खाली बसावं. त्यात कमीपणा नाही."

"वकिलाला उत्तर माहीत आहे," मी म्हटलं.

"मग विचार."

"तुम्ही तिथं एका मुलीला पाहिलंत."

"हो."

"ती उपाहारगृहापाशी बसली होती."

"बाहेरच्या बाकावर. चहा घेतला होता, प्यायली नाही."

"तुम्ही तिला हाक मारली नाही."

"नाही."

"जवळ गेला नाहीत."

"नाही. कोरेगावच्या फलाटावर, खांबामागे बसलो."

"किती वेळ?"

"ती उठेपर्यंत. दोन वाजून दहा मिनिटं."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण ते तोंडातून आलंच. "का?"

या वेळी त्यांनी चूक दाखवली नाही. ताट बाजूला ठेवलं.

"गाड्या लागत होत्या एकामागून एक. ती कुठल्या गाडीत चढते की काय, एवढंच साक्षीदाराला बघायचं होतं."

"आणि चढली असती तर?"

"तर साक्षीदारही चढला असता."

"कुठल्याही गाडीत?"

"तिकीट काढून," अण्णा म्हणाले.

मी जमिनीवर बसले. किती वेळ रडले ते आठवत नाही. आई बाहेर आली, दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता ताट उचलून आत गेली. रडता रडता मी सगळं सांगितलं. एक शब्द आठवला नाही हे सांगितलं, उद्या जाणार नाही हे सांगितलं, वकिली नको हेही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"नको तर नको," ते म्हणाले. "पण गेलीस तर एक कर. लिहायचं की नाही ते तुझं तू बघ. उठायचं मात्र नाही. साहेब उठल्याशिवाय कोर्टात कुणी उठत नाही. समोर मुडदा पडला तरी बसून राहायचं. दोन वाजता साहेब उठतील."

"आणि कोरा दिला तर?"

"तर तीन तास बसून कोरा दिला म्हणायचं. ते निराळं आहे."

बुधवारी मी गेले. प्रश्नपत्रिका आली आणि तेच झालं, वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही. अर्धा तास झाल्याची घंटा वाजली. मागच्या बाकावरचा एकजण उठून गेला. मी दोन्ही तळवे बाकावर ठेवून बसून राहिले. तिसरा प्रश्न उलटतपासावर होता. मी त्याच्यापासून सुरुवात केली. लिहिलेलं पहिलं वाक्य वाईट होतं. दुसरं बरं होतं. दोनची घंटा झाली तेव्हा मी पाचव्या प्रश्नाच्या मध्यावर होते आणि पर्यवेक्षकांनी कागद माझ्या हातून ओढून घेतला.

नसरीन फाटकाशी थांबली होती. तिला म्हटलं, तू हो पुढे. आणि सरळ कोर्टात गेले. अण्णांना संध्याकाळपर्यंत थांबवायला नको वाटलं.

मधली सुट्टी होती. दालन रिकामं होतं. भोईटेकाका म्हणून बेंच क्लार्क होते, ते टेबलावर डबा उघडून बसले होते. मला लहानपणापासून ओळखायचे.

"ये गं. तुझे अण्णा आत आहेत, साहेब डिक्टेशन देतायत. बस. भाकरी खातेस?"

"नको, काका."

"मग माझं डोकं तरी खा. तुझ्या बापानं खाल्लंच आहे परवापासून." त्यांनी आवाज खाली घेतला. "सोमवारी काय झालं माहितेय? महत्त्वाची साक्ष सुरू झाली आणि शेलारांची खुर्ची रिकामी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी अख्खी साक्ष स्वतःच्या हातानं लिहिली. दोन तास. मग लेखी खुलासा मागितला. मी म्हटलं, शेलार, पोटात कळ आली म्हणून लिहा, सगळं कोर्ट तेच लिहितं. तर म्हणे, आली नव्हती. मग खरं काय ते लिहा म्हटलं. तर म्हणे, ते सांगणं माझं नाही, दुसऱ्याचं आहे. मला तो अधिकार नाही."

"मग काय लिहिलं?"

"'गैरहजर होतो. चूक मान्य आहे.' बास. आता सेवापुस्तकात शेरा पडणार. पुढच्या महिन्यात बढतीची यादी निघायची आहे, आणि यांचं पहिलं नाव आहे. आता होतं म्हणायचं. तूच सांग बाई काही त्यांना."

चेंबरचा दरवाजा अर्धवट उघडा होता. मी उठले. भोईटेकाका "अगं, अगं" म्हणेपर्यंत आत गेले होते.

न्यायाधीश राजोपाध्ये खिडकीशी उभे राहून सांगत होते आणि अण्णा वहीवर वाकून लिहीत होते. दोघांनीही वर पाहिलं.

"कोण आपण?"

"उज्ज्वला नारायण शेलार. सोमवारी अण्णा गैरहजर का होते, ते मला माहीत आहे. ते सांगणं माझं आहे."

"उजू, बाहेर जा," अण्णा म्हणाले. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

साहेबांनी हात वर केला. "बोलू द्या, शेलार."

मी सांगितलं. सोमवारी मी परीक्षेच्या वर्गातून अर्ध्या तासात उठून आले. घरी सांगायची लाज वाटली म्हणून स्टँडवर बसले. वडिलांनी मला तिथं पाहिलं. मी कुठल्या गाडीत बसून निघून जाईन अशी त्यांना भीती वाटली, म्हणून मी घरची वाट धरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. ते तिथं होते हे मला काल संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. एवढं बोलून मी थांबले. बहुधा चार-पाचच वाक्यं होती. एकदाही अडखळले नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आज होता का पेपर?"

"होता, साहेब. पुराव्याचा."

"किती वाजता उठलात?"

"दोनला. घंटा झाल्यावर."

त्यांनी टेबलावरचा एक कागद ओढला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. "खुलासा मान्य. आणि शेलार, पुन्हा अशी वेळ आली तर कुणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवा. माझं अक्षर मलाच लागत नाही, हे भोईटे सगळ्या कोर्टाला सांगत फिरतात."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मला वाटलं, अण्णा रागावले. खाली पक्षकार झाडाच्या सावलीत डबे सोडून बसले होते. अण्णा कठड्याशी थांबले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. एकदा त्यांनी रुमाल काढला, मग तसाच परत खिशात ठेवला.

"साहेबांपुढे उभं राहताना हात मागे बांधायचे नाहीत," ते म्हणाले.

"काय?"

"मघा तू हात मागे बांधले होतेस. तसे आरोपी बांधतो. वकिलाचे हात समोर, कागदावर."

"माझ्याकडे कागद नव्हता, अण्णा."

"मग रिकामेच समोर ठेवायचे. समोरच्याला दिसले पाहिजेत."

आतून घंटा झाली. त्यांनी सदऱ्याची बटणं नीट केली आणि ते आत गेले.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा पेपर मी ऑक्टोबरात पुन्हा दिला आणि पंचावन्न मार्कांनी सुटले. अण्णांची बढती वेळेवर झाली. त्याच कोर्टात मी एकोणतीस वर्षं उभी राहते आहे. पहिली काही वर्षं मंचाखालच्या खुर्चीत अण्णाच असायचे. माझे साक्षीदार अडखळले तर मी जराही घाई करत नसे, आणि ते बोटं कळांवर ठेवून वाट पाहत. घरी आलो की जेवताना आम्ही कोर्टाबद्दल अवाक्षर काढत नसू. तसा आमचा नियम होता. आई म्हणायची, एका घरात दोन मुके बसलेत.

गेल्या मार्गशीर्षात अण्णा गेले. सकाळी दारासमोर माणसं जमली होती. कोर्टातली होती, गल्लीतली होती, काहींना मी ओळखतही नव्हते. सगळी माझ्याकडे बघत होती. मी पायरीवर उभी होते आणि माझ्या हातांचं काय करावं ते मला समजत नव्हतं. ते मी मागे नेले, पुन्हा समोर आणले, पदरात घेतले, सोडले. मग फाटकातून नसरीन आली. कुणाशी न बोलता ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. अण्णांना उचलून फाटकाबाहेर नेईपर्यंत तिनं ते सोडले नाहीत.